ॲल्युमिनियम–सिलिकॉन कार्बाइड कंपोझिटचा जॉब देण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतीव लोखंड, क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग यांची कामे कित्येक वर्षे चालत आली आहेत. त्यांचे दर ग्राहकांना तोंडपाठ असतात. ॲल्युमिनियम–सिलिकॉन कार्बाइडसारख्या मेटल मॅट्रिक्स कंपोझिटचे (धातूत दुसऱ्या पदार्थाचे कण मिसळलेल्या मटेरियलचे) कोटेशन हातात पडले की मात्र बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, पहिला प्रश्न ठरलेला: "ॲल्युमिनियमच तर आहे, मग एवढा दर कसा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण हा दर खाली आणणे बरेचसे तुमच्याच हातात आहे.

हे मटेरियल म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मिसळलेले सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण, साधारण १० ते २० टक्के. ग्राइंडिंग व्हीलमध्ये असतो तोच पदार्थ. हे कण धातूत विरघळत नाहीत, आहेत तसेच राहतात. त्यामुळे वजन जवळपास ॲल्युमिनियमइतकेच राहते, पण ताठपणा वाढतो: साध्या ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक ७० गिगापास्कल, तर २० टक्के कण असले की तो सुमारे १०० पर्यंत जातो. तापल्यावर होणारे प्रसरण घटते आणि घासून झिजण्याला हे मटेरियल चांगले तोंड देते. टोयोटाने १९८३ च्या सुमारास डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतू घातलेले ॲल्युमिनियम वापरले, ते झीज रोखण्यासाठीच. १९९६ च्या लोटस एलिस गाडीला तर सिलिकॉन कार्बाइडच्या कंपोझिटच्याच ब्रेक डिस्क होत्या.

याची किंमत चिवटपणात मोजावी लागते. हे मटेरियल फारसे ताणले जात नाही. वाकवायचा किंवा दणके खाणारा भाग असेल तर ते नकोच. आणि तुम्हाला फक्त वजन कमी करायचे असेल, तर टी-६ (उष्णतेची प्रक्रिया देऊन मजबूत) केलेले साधे ६०६१ ॲल्युमिनियम घ्या. स्वस्त पडेल आणि आम्हीही लवकर देऊ.

आता मशीनिंगकडे येऊ. सिलिकॉन कार्बाइडची कठीणता विकर्स मापावर २५०० च्या आसपास, आणि रोजच्या वापरातल्या कार्बाइड टिपची (टंगस्टन कार्बाइडच्या कापणाऱ्या तुकड्याची) १५०० ते १८००. म्हणजे कापायच्या वस्तूतला कण कापणाऱ्या धारेपेक्षा कठीण. भातातला खडा दाताखाली यावा तसा प्रत्येक कण धारेखाली येतो. टिपेची बाजू घासत जाते, माप सरकते, आणि मशीन ठीक असूनही पुढचे जॉब टॉलरन्सबाहेर (मापात चालणाऱ्या फरकाबाहेर) जातात. म्हणून फिनिशिंगला आम्ही पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या टिपा वापरतो. त्यांवर मिनिटाला काही शे मीटर स्पीड सहज चालतो. त्या महाग असतात, आणि कास्टिंगमध्ये पोकळी निघाली तर कोपरा उडतो.

रफिंग, म्हणजे सुरुवातीचे जाड कट, कार्बाइड टिपेवर होते, पण स्पीड बराच खाली ठेवून आणि फीड (धार पुढे सरकण्याचे प्रमाण) वाढवून. ऐकायला उलटे वाटते. पण तेवढेच मटेरियल काढताना फीड जास्त असला की धार कमी अंतर घासते, तिला कमी कण भेटतात, आणि ती जास्त टिकते. कमी स्पीडला धारेवर ॲल्युमिनियम चिकटते आणि फिनिश बिघडते, म्हणून शेवटचा कट आम्ही कार्बाइडवर घेत नाही. बोथट टिपेने कट मारला तर पृष्ठभागाखालचे कण फुटतात. वरून जॉब चकचकीत दिसला तरी सतत कमीजास्त होणाऱ्या भाराखाली चीर तिथूनच सुरू होऊ शकते. टिप बदलण्यात आम्ही काटकसर करत नाही ती यासाठी.

सर्वांत त्रासाची कामे म्हणजे बारीक ड्रिल आणि टॅप (भोकात आटे पाडणे). आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात टॅप तुटला की बहुतेक वेळा जॉबच जातो. शक्य असेल तिथे भोक आरपार ठेवा, आटे मोठे ठेवा, किंवा स्टीलचा आटेदार इन्सर्ट बसवण्याची जागा द्या. वायर कटने (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी कापून) आकार काढता येतो, पण कण वीज नीट वाहून नेत नाहीत, त्यामुळे काम हळू चालते.

ड्रॉइंगसोबत आम्हाला कणांची टक्केवारी, त्यांचा आकार आणि मूळ मिश्रधातू कळवा. कास्टिंग शक्य तितके अंतिम मापाजवळ ओतून घ्या. जास्तीचा प्रत्येक मिलिमीटर काढताना टिपच झिजते. बारीक टॉलरन्स फक्त बसणाऱ्या आणि घासणाऱ्या जागीच लिहा.

ओतकाम करणाऱ्यालाही एक गोष्ट जरूर विचारा: मिश्रधातूत सिलिकॉन पुरेसे आहे का? ते कमी असेल आणि वितळलेला धातू फार तापला, तर कणांभोवती ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते आणि ओलाव्याने विघटित होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, असा जॉब गोदामात पडून खराब होऊ शकतो.

या कामाचा बुरादा आम्ही वेगळ्या पिंपात साठवतो आणि कूलंट गाळून घेतो, नाहीतर कण मशीनच्या स्लाइडमध्ये शिरतात. हा बुरादा साध्या ॲल्युमिनियमच्या भंगारात मिसळू नये. तो परत हवा असेल तर ऑर्डरवर तसे लिहा.