आंबोनचा आंधळा माणूस आणि शंखांची नावं: रम्फियसच्या कामाची पार्श्वभूमी

सागरी जीवांच्या किंवा बेटांवरच्या वनस्पतींच्या यादीत जातीच्या नावापुढे ‘एल. 1753’ किंवा ‘लिनियस, 1758’ असं लिहिलेलं असतं (एल. म्हणजेही लिनियस, शास्त्रीय नावांची आजची पद्धत लावणारा), त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की स्वीडनच्या त्या माणसाने हे सगळं बघितलं, हाताळलं आणि मग नाव दिलं. पण लिनियस कधी उष्ण कटिबंधात गेलाच नाही. त्याच्यासमोर जे होतं ते म्हणजे दुसऱ्यांनी आणलेले नमुने आणि दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं. त्या दुसऱ्यांमध्ये पूर्वेकडच्या बेटांपुरतं सगळ्यात मोठं नाव म्हणजे गेऑर्ग एबरहार्ड रम्फियस, आणि माझ्या मते हे नाव जेवढं माहीत असायला हवं त्याच्या पावपटही लोकांना माहीत नाही.

आधी जागा समजून घेऊ. आंबोन हे आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू भागातलं छोटं बेट. युरोपियन तिथे गेले ते लवंगेसाठी. डच ईस्ट इंडिया कंपनीने म्हणजे व्हीओसीने 1605 मध्ये पोर्तुगीजांकडून आंबोन घेतलं, 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल कून याने जायफळासाठी बांदा बेटांवर भयानक कत्तल केली, आणि त्यानंतर लवंगेची लागवड आंबोन आणि आसपासच्या बेटांपुरतीच ठेवायची, बाकी ठिकाणची झाडं तोडून टाकायची असा कंपनीचा कारभार होता, म्हणजे भाव पडायला नको. निसर्गाचा अभ्यास वगैरे कंपनीच्या डोक्यात नव्हता. झाडांची माहिती तिला हवी होती ती पैशासाठी आणि औषधासाठी.

रम्फियस जर्मनीतल्या हेसे भागातला, जन्म 1627 चा. कंपनीत सैनिक म्हणून भरती झाला, 1653 मध्ये बटाव्हियाला म्हणजे आजच्या जकार्ताला पोचला आणि पुढच्या वर्षी आंबोनला. नंतर त्याने सैन्य सोडून व्यापारी खात्यात नोकरी घेतली आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिला नावाच्या गावी राहिला. फावल्या वेळात झाडं, शंख, खेकडे, दगड, जे दिसेल ते गोळा करायचं, लोकांना विचारायचं आणि लिहून ठेवायचं. लिखाण लॅटिनमध्ये चाललं होतं कारण तेव्हा विद्वानांची भाषा तीच.

1670 मध्ये त्याची दृष्टी गेली. वय चाळिशीच्या थोडं पुढे. कंपनीने त्याला काढून टाकलं नाही, उलट पुढे लिहायला कारकून आणि चित्रं काढायला माणसं दिली, ही गोष्ट कंपनीच्या बाजूने मान्य करायला हवी. पण लॅटिन लिहून घेणारं बेटावर कोण मिळणार? म्हणून त्याने आधीचं सगळं बाजूला ठेवून पुन्हा डचमध्ये सांगायला सुरुवात केली. त्याचं वर्णन वाचताना जाणवतं की झाडाचा वास, सालीचा खरखरीतपणा, चव, चीक अंगाला लागला तर काय होतं, शिजवल्यावर कसं लागतं, हे सगळं त्यात भरपूर आहे. पुढच्या काळात वर्गीकरण म्हणजे पुंकेसर मोजणं असं झालं आणि हा भाग बाहेर पडला, जो खरं तर बेटावर राहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगाचा.

यानंतर जे घडलं ते लिहिताना आजही वाईट वाटतं. 17 फेब्रुवारी 1674 ला संध्याकाळी, चिनी नववर्षाचा उत्सव चालू असताना, मोठा भूकंप झाला. भिंत कोसळून त्याची बायको सुझाना आणि एक मुलगी जागीच गेल्या. त्याच भूकंपाने आलेल्या लाटेने बेटाच्या उत्तरेकडच्या हितू भागातली किनाऱ्यावरची गावं धुऊन नेली आणि दोन हजारांच्या वर माणसं मेली. या घटनेचा सविस्तर वृत्तांत रम्फियसनेच लिहून ठेवला आणि इंडोनेशियातल्या त्सुनामीची सगळ्यात जुनी तपशीलवार नोंद म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ तो अजून वापरतात. एका पांढऱ्या ऑर्किडला त्याने सुझानाचं नाव दिलं आणि कारणही लिहिलं, की वनस्पती शोधताना ती माझी पहिली सोबतीण आणि मदतनीस होती आणि हे फूल तिनेच मला दाखवलं. आज त्याचं शास्त्रीय नाव पेक्टेलिस सुझानी. याच कुळीतलं पेक्टेलिस जायगँटिया आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलतं, तेही तसंच मोठं पांढरं.

जानेवारी 1687 मध्ये आंबोन गावाला आग लागली, पुस्तकं गेली, हस्तलिखितातला बराच भाग आणि चित्रं गेली. चित्रं पुन्हा काढायला घेतली, त्यात मुलगा पॉलही होता. पहिले भाग पूर्ण करून 1692 मध्ये हॉलंडला पाठवले तर ते जहाज फ्रेंचांनी बुडवलं. सुदैवाने बटाव्हियाचा गव्हर्नर जनरल कॅम्फाउस याने पाठवण्याआधी एक प्रत करून ठेवायला लावली होती, तिच्यावरून काम पुढे गेलं. सगळं हॉलंडला पोचलं 1696 मध्ये, आणि कंपनीने ठरवलं की यात आपल्या धंद्याची फार माहिती आहे, छापायचं नाही. रम्फियस 1702 मध्ये वारला. वनस्पतींचा तो प्रचंड ग्रंथ, हर्बेरियम अँबोइनेन्से, 1741 ते 1750 मध्ये योहानेस बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने अॅमस्टरडॅममध्ये सहा खंडांत छापला, डच मजकुराशेजारी लॅटिन भाषांतर देऊन. म्हणजे लेखक जाऊन चाळीस वर्षं होत आली होती.

सागरी प्राण्यांचं पुस्तक त्यामानाने लवकर आलं, 1705 मध्ये. नाव अँबोइन्शे रारिटाइटकामेर, म्हणजे आंबोनच्या दुर्मिळ वस्तूंचं दालन. हॉलंडमध्ये तेव्हा श्रीमंतांना शंख जमवायचं वेड होतं, रेम्ब्रांने 1650 मध्ये एका कोनस शंखाचं चित्र छापलं होतं, त्यात छपाईत डावं उजवं उलटल्यामुळे शंखाचा पीळ चुकीच्या दिशेला गेलाय. असे गिऱ्हाईक असल्यावर प्रकाशक मिळायला अडचण नव्हती. रम्फियसने स्वतःचा संग्रह 1682 मध्येच टस्कनीच्या ड्यूकला, कोसिमो मेडिचीला विकला होता.

आता वर्गीकरणाकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. या पुस्तकाचे तीन भाग. पहिल्यात मऊ कवचाचे: खेकडे, झिंगे, आणि त्यांच्याबरोबरच समुद्री साळू आणि तारामासे. दुसऱ्यात कठीण कवचाचे, म्हणजे शंख आणि शिंपले. तिसऱ्यात दगड आणि खनिजं. आजच्या हिशोबाने खेकडा आणि तारामासा एका भागात बसणं चूक, पण कवच हाताला कसं लागतं हा निकष धरला तर ती विभागणी सरळ आहे. प्रवाळ या पुस्तकात नाहीच! प्रवाळ सापडतं वनस्पतींच्या ग्रंथात, शेवटच्या म्हणजे बाराव्या भागात, समुद्रातली झाडं म्हणून. तेव्हा सगळ्यांची समजूत तीच होती. पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1720 च्या दशकात सांगितलं की प्रवाळावरची ती ‘फुलं’ म्हणजे बारीक प्राणी आहेत, तेव्हा पॅरिसच्या मोठमोठ्या मंडळींनी ते उडवून लावलं आणि मान्य व्हायला 1740 चं दशक उजाडलं. म्हणजे रम्फियसचा ग्रंथ छापून होईपर्यंत त्यातला प्रवाळाचा भाग जुना झाला होता, आणि याचा थोडा दोष तरी हस्तलिखित दाबून ठेवणाऱ्या कंपनीकडे जातो.

त्याच बाराव्या भागात दर्याई नारळ आहे. साधू आणि फकिरांच्या हातात जे काळं, मोठं पात्र दिसतं तोच. मालदीवच्या किनाऱ्याला वाहत येणारं हे फळ कुठल्या झाडाचं हे शतकानुशतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही गोव्यात 1563 मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यावर लिहिलंय. रम्फियसला वाटायचं की हे झाड समुद्राच्या तळाशीच वाढतं, आणि त्याने मलय खलाशांची ती गोष्टही नोंदवलीय की जावाच्या दक्षिणेला समुद्रातून वर आलेल्या एका झाडावर गरुडाचं घरटं आहे. खरं झाड 1768 मध्ये सेशेल्सच्या प्रालँ बेटावर सापडलं. तोवर मालदीवचं नाव चिकटलं होतं, ते नियमाने तसंच राहिलं, त्यामुळे मालदीवमध्ये न उगवणाऱ्या या माडाचं शास्त्रीय नाव आजही लोडोइसिया मालदिविका आहे.

चुका होत्या, पण बघणं किती बारीक होतं ते बघा. नॉटिलस नावाच्या समुद्री प्राण्याचं कवच युरोपात सोन्याचांदीत मढवून चषक करायचे, पण आतला प्राणी कोणी बघितला नव्हता. रम्फियसने त्याचं वर्णन आणि चित्र दिलं आणि 1832 मध्ये रिचर्ड ओवेनने नीट चिरफाड करून लिहीपर्यंत सव्वाशे वर्षं तेच एकमेव होतं. मुंग्यांच्या वारुळासारखी फुगलेली गाठ असलेली झाडं, आज ज्यांना मिर्मेकोडिया आणि हिड्नोफायटम म्हणतात, त्यांच्याबद्दल त्याने लिहिलं की मुंग्यांच्या घरट्यालाच कोंब फुटतो. कारण चुकलं, पण मुंगी आणि झाड एकमेकांशिवाय सापडत नाहीत हे बरोबर पकडलं. वर्षातून ठरावीक रात्रींना पौर्णिमेनंतर वर येणारे वावो नावाचे समुद्री किडे, जे लोक जाळीने धरून खातात, त्यांचीही नोंद त्याच्याकडे आहे.

आणि कोनस. बांदा बेटावर एका गुलाम बाईने जाळं ओढताना हा शंख उचलून नुसता हातात धरला, हाताला हलकी खाज सुटली, ती खाज दंडावरून सगळ्या अंगात चढली आणि ती मेली. कोनसच्या डंखाने माणूस मेल्याची ही पहिली लिखित नोंद. हे गोगलगायीसारखे प्राणी सोंडेतून विषारी सुई मारून शिकार करतात हे नंतर कळलं, आणि त्यांच्यातल्या कोनस मॅगसच्या विषावरून बनवलेलं झिकोनोटाइड नावाचं वेदनाशामक अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालं. कोनसच्या काही जाती आपल्या किनाऱ्यावरही आहेत, त्यामुळे जिवंत शंख हातात घेऊ नका हे इथेच सांगून ठेवतो. त्या बाईचं नाव मात्र कुठेच नाही.

ते नाव नसणं मला सलतं. रम्फियस स्वतः स्थानिक नावं कटाक्षाने देतो, मलय आणि आंबोनची, आणि लोकांनी काय सांगितलं तेही देतो, तरी सांगणाऱ्या बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्याच कंपनीच्या दुसऱ्या टोकाला, कोचीनला, व्हान रेड या कंपनीच्या अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड काढले (1678 ते 1693), तिथे निदान साक्षीदार छापलेत: इट्टी अच्युतन वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचं कोंकणीतलं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं आहे, छापलेल्या नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी ते एक. आंबोनच्या वाट्याला असं पान आलं नाही.

मग लिनियसचं काय? तो 1735 मध्ये अॅमस्टरडॅमला बर्मनच्याच घरी राहिला होता. पण रम्फियसचे वनस्पतींचे खंड त्याला उशिरा मिळाले, त्याच्या 1753 च्या वनस्पतींच्या ग्रंथात त्यांचा फारसा वापर झाला नाही, आणि 1754 मध्ये त्याच्या स्टिकमन नावाच्या विद्यार्थ्याने रम्फियसच्या वनस्पतींना नव्या पद्धतीची नावं लावणारा प्रबंध केला. शंखांच्या बाबतीत उलट झालं. 1705 चं पुस्तक हाताशी असल्यामुळे 1758 मध्ये लिनियसने शंखांमागून शंखांना नाव देताना रम्फियसच्या चित्राचा क्रमांक दिला. नंतर नियम झाला की वनस्पतींची नावं 1753 पासून आणि प्राण्यांची 1758 पासून मोजायची, त्याआधीची धरायची नाहीत. कुठून तरी सुरुवात करायला हवी हे कबूल, नाहीतर घोळ कधी संपलाच नसता, पण या एका रेघेमुळे रम्फियसचं अख्खं आयुष्य रेघेच्या अलीकडे राहिलं.

आणि त्यात एक गुंता आहे जो शंख अभ्यासणाऱ्यांना अजून निस्तरावा लागतो. 1705 चं पुस्तक छापताना संपादक स्खाइनफूटने बऱ्याच ठिकाणी आंबोनहून आलेल्या चित्रांऐवजी हॉलंडमधल्या संग्राहकांच्या कपाटातले शंख काढून घेतले. मजकूर रम्फियसचा आणि चित्र दुसऱ्याच शंखाचं. लिनियसने चित्रावर नाव बेतलं असेल तर ती जात नक्की कोणती, आणि ती आंबोनला मिळते तरी का? लेबलवर मूळ ठिकाण आंबोन लिहायचं की नाही?

हे सोडवायचा एकच मार्ग, तो म्हणजे परत आंबोनला जाणं. वनस्पतींसाठी चार्ल्स बड रॉबिन्सन हा कॅनडाचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1913 मध्ये गेला, रम्फियसने सांगितलेल्या जागी जाऊन तीच झाडं पुन्हा गोळा करू लागला, आणि डिसेंबरमध्ये तिथेच त्याचा खून झाला. त्याने जमवलेल्या नमुन्यांवरून मेरिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1917 मध्ये रम्फियसच्या वनस्पतींचा आधुनिक नावांशी मेळ घालणारं मोठं पुस्तक छापलं. सागरी प्राण्यांची पाळी त्यानंतर खूप वर्षांनी आली, 1990 च्या शेवटी लायडनच्या निसर्ग संग्रहालयाची मोहीम आंबोनला गेली. रम्फियसने लिहिलेले प्राणी त्याच किनाऱ्यांवर पुन्हा शोधायचे, त्याच्या मजकुराशी ताडून बघायचे आणि 1705 च्या चित्रांमुळे झालेला घोळ शक्य तेवढा सोडवायचा हाच त्या मोहिमेचा उद्देश होता, आणि तिथून आणलेल्या नमुन्यांवर पुढे कित्येक वर्षं शोधनिबंध निघत राहिले.