घरेलू कामगार (नाशिक)

दुसऱ्याच्या घरी पगारावर धुणी-भांडी, केर-फरशी, स्वयंपाक किंवा मुला-म्हाताऱ्यांची देखभाल करणारी व्यक्ती. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांत अशी कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच.

एक बाई सहसा तीन-चार घरे धरते. पगार तासावर नाही, कामावर ठरतो: भांड्यांचे इतके, पोळ्यांचे इतके. खाडे किती चालतील, बदली कोणी द्यायची, उचल कशी फेडायची, दिवाळीला एक पगार जादा मिळणार की नुसती साडी, हे सारे तोंडी. घरी पाहुणे आले की भांडी वाढतात. पगार वाढत नाही.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे फंड, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), बोनस हे शब्द या शहराला नवे नाहीत. कारखान्यात कायम असलेल्या नवऱ्याच्या ईएसआय कार्डावर बायकोचा उपचार होऊ शकतो, पण तिच्या स्वतःच्या कामावर तिला असे कार्ड मिळत नाही. कायद्याने खाजगी घराला सहसा आस्थापना, म्हणजे कामगार कायदे लागू होणारे कामाचे ठिकाण, मानलेले नाही, आणि बाकीच्या अडचणी बहुतांशी इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. नोंदणी कामगार खात्यामार्फत होते. नोंदीत कामगाराला प्रसूतीसाठी आणि मृत्यूनंतर वारसाला अंत्यविधीसाठी मदत, तसेच वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर 10,000 रुपये सन्मानधन अशा योजना मंडळाने राबवल्या. रक्कम एकदाच मिळते, ते निवृत्तिवेतन नव्हे. हा कायदा कल्याणाचा आहे. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, कामावरून काढताना द्यायची नोटीस यांबाबत तो मालकावर बंधन घालत नाही. शिवाय नोंदणीसाठी मालकाचे प्रमाणपत्र लागते. पगार वेळेवर देणारी माणसेही सहीचा कागद पुढे आला की बिचकतात, 'पुढे काही लचांड नको' म्हणून.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात मात्र राहते घर स्पष्टपणे येते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. समिती असते हेच अनेकींना माहीत नसते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने बाजूने मत दिले, पण अनुसमर्थन केले नाही, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. आशियात ते प्रथम फिलिपिन्सने 2012 मध्ये केले आणि पुढच्याच वर्षी लेखी करार, किमान वेतन आणि आठवड्याला सुट्टी देणारा स्वतंत्र कायदा आणला. सिंगापूरने परदेशी घरकामगारांना 2013 पासून साप्ताहिक सुट्टी दिली, पण तेथील मुख्य रोजगार कायदा त्यांना अजून लागू नाही. हाँगकाँगमध्ये सुट्टी व वेतन ठरलेले आहे, तरी परदेशी कामगाराला मालकाच्याच घरी राहावे लागते. नाशिकची बाई बहुधा संध्याकाळी आपल्या घरी परतते. चार मालक असल्याने एकाशी बिनसले तर तेवढे एकच काम सुटते. ही मोकळीक तिला कायद्याने दिलेली नाही, आणि पूर्ण वेळ मालकाच्या घरी राहणाऱ्या मुलींना तीही नसते.

घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याची चौकट तपासण्यास समिती नेमावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारला दिला.