पार्श्वभूमी : मर्क्युरी पारितोषिक आणि ‘ब्रिटिश’ या शब्दाचा घोळ

ब्रिटनमध्ये दरवर्षी सर्वोत्तम अल्बमला दिल्या जाणाऱ्या मर्क्युरी पारितोषिकाच्या नावाविषयी आपल्याकडे एक गैरसमज हमखास आढळतो. झांजीबारमध्ये जन्मलेला, पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि लंडनला जाऊन जगभर गाजलेला पारशी गायक फ्रेडी मर्क्युरी नोव्हेंबर १९९१ मध्ये वारला; त्यानंतर वर्षाच्या आतच, सप्टेंबर १९९२ मध्ये, पहिले पारितोषिक दिले गेले. कोल्हापूरहून पाचगणी काही फार लांब नाही, त्यामुळे हे पारितोषिक ‘आपल्या पाचगणीच्या पोराच्या’ नावाने आहे असे इथले संगीतप्रेमी मोठ्या आपुलकीने सांगतात. खरे कारण इतके काव्यमय नाही. ब्रिटनमधील सरकारी दूरध्वनी सेवेची मक्तेदारी ऐंशीच्या दशकात मोडली गेली, तेव्हा तिच्या स्पर्धेत उतरलेल्या एका खासगी कंपनीने सुरुवातीच्या काळात या उपक्रमाला पैसा पुरवला आणि तिचे नाव त्याला चिकटले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती कंपनी त्या नावाने उरली नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून क्रेडिट कार्डापर्यंत आणि मोटारींपासून टॅक्सीसेवेपर्यंत नाना तऱ्हेचे पुरस्कर्ते आले आणि गेले, पण मूळ नाव तसेच राहिले. शास्त्रीय संगीतातल्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी कोल्हापुरात रुजून शतक उलटले तरी ती कोल्हापूर घराण्याची म्हणवत नाही, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

पारितोषिकाच्या स्थापनेची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रण कंपन्या आणि रेकॉर्ड-विक्रेते यांच्या संघटनांनी मिळून ते सुरू केले. तेथील आधीची मोठी वार्षिक पारितोषिके खपाच्या आणि लोकप्रियतेच्या मागे धावतात, अशी तक्रार होती. म्हणून येथे गायक, गीत, वाद्यवृंद (म्हणजे बँड) असे विभाग न करता सर्व प्रकारच्या संगीतातून एकच अल्बम निवडायचा, असे ठरले. १९९२ च्या पहिल्या यादीतील दहा अल्बमांमध्ये रॉक आणि सोल यांच्याबरोबर जॅझ होते, आणि एका समकालीन शास्त्रीय रचनाकाराचे चेलोवादनाचे कामही होते. पुढे यादी बारांची झाली. लोकसंगीताचा एक आणि जॅझचा एक अल्बम नैवेद्यापुरता ठेवायचा आणि पारितोषिक मात्र भलत्यालाच द्यायचे, अशी टीका जी सुरू झाली ती अनेक वर्षे थांबली नाही, आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. कारण जॅझच्या पदरात पहिला विजय पडायला २०२३ साल उजाडावे लागले. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे वर्ष १९९९ आहे. त्या वर्षी पूर्व लंडनमध्ये जन्मलेल्या पंजाबी वंशाच्या तबलावादकाच्या अल्बमला पारितोषिक मिळाले, आणि तबल्याचे बोल संगणकावर घडवलेल्या नृत्यसंगीताच्या ठेक्याशी सवाल-जवाब करताना तेथील नेहमीच्या श्रोत्यांच्या घरोघरी ऐकू येऊ लागले.

‘अल्बम’ या शब्दाविषयीही दोन वाक्ये लिहिणे भाग आहे, कारण कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर आजही अल्बम मागितला तर दुकानदार लग्नाचाच समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, म्हणून मोठी रचना चार-सहा तबकड्यांवर घेऊन त्या फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बाडात घालून विकत. असे एक बाड मी शनिवार पेठेतल्या एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात हाताळले आहे. तपकिरी रेक्झिनचे वेष्टन, आत जाड कागदाच्या सहा पिशव्या, प्रत्येकीला मधोमध गोल भोक, आणि त्या भोकातून दिसणाऱ्या लेबलावर भिंगाने वाचावे असे रागाचे नाव. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली आणि ते सगळे बाड एका तबकडीत सामावले, तरी नाव अल्बमच राहिले. आपल्याकडे पुढे या शब्दाचा अर्थ चित्रपटाच्या गाण्यांचा संच असा आक्रसला. संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६७ पासून दिला जातो, पण तोही चित्रपटासाठीच. चित्रपटाबाहेरच्या अल्बमाला देशपातळीवर तितक्याच गांभीर्याने तोलणारे काही आपल्याकडे उभे राहिले नाही.

मूळ वाद मात्र ‘ब्रिटिश’ या शब्दाचा आहे. नियमानुसार हे पारितोषिक ब्रिटिश आणि आयरिश कलावंतांसाठी होते. पहिल्या यादीतच डब्लिनचा एक बलाढ्य वाद्यवृंद होता आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. ठिणगी पडली २००५ मध्ये. त्या वर्षीच्या विजेत्या वाद्यवृंदाची मुख्य गायिका इंग्लंडच्या दक्षिणेकडील चिचेस्टर गावी जन्मलेली, पण लहानपणीच ॲमस्टरडॅममार्गे कॅलिफोर्नियाला गेलेली आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेली होती. जन्म आणि नागरिकत्व ब्रिटिश असल्याने नियमात ती चपखल बसत होती. यादीतल्या एका प्रतिस्पर्धी वाद्यवृंदाने मात्र, ती केवळ तांत्रिक फटीतून आत शिरली, अशा अर्थाची नाराजी उघड बोलून दाखवली. अल्बम असामान्य होता, एवढे म्हणून बहुतेक समीक्षकांनी विषय सोडून दिला. परंतु इंग्लंडमध्ये न वाढलेल्या व्यक्तीला जन्माच्या दाखल्यावर प्रवेश मिळतो, तर तेथेच वाढलेल्या पण दाखला नसलेल्या व्यक्तीचे काय, हा उलटा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही.

तो २०२० मध्ये समोर येऊन उभा राहिला. जपानमधील निगाता येथे जन्मलेली आणि चार-पाच वर्षांची असल्यापासून इंग्लंडमध्ये राहणारी एक गायिका त्या वर्षी आपल्या पहिल्या पूर्ण अल्बममुळे समीक्षकांच्या तोंडी होती. तिचे शिक्षण तेथेच झाले होते, ती कर तेथेच भरत होती आणि तिच्यापाशी कायम वास्तव्याचा परवानाही होता. पासपोर्ट मात्र जपानी होता, कारण जपान दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही आणि ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचे तर आईवडिलांच्या देशाशी असलेले नाते कागदोपत्री तोडावे लागले असते. परिणामी तिचा अल्बम विचारातही घेतला गेला नाही. नियम वाचला तर त्यातली विसंगती लगेच डोळ्यांत भरते. वाद्यवृंदातील तीस टक्के सदस्य ब्रिटिश किंवा आयरिश असले आणि निम्म्याहून अधिक सदस्य ब्रिटनमध्ये राहत असले की तो वाद्यवृंद पात्र ठरत होता. एकट्याने गाणाऱ्याला मात्र पासपोर्टावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे तीच गायिका दोन ब्रिटिश वादक सोबतीला घेऊन एखाद्या गटाच्या नावाने गायली असती, तर हरकत घ्यायला जागाच उरली नसती.

गायिकेने ही बाब जाहीरपणे मांडल्यावर समाजमाध्यमांवर मोठी मोहीम झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम बदलण्यात आला. पाच वर्षांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य असलेला कलावंत पात्र ठरेल, असे जाहीर झाले. बदल योग्य होता, तरी तो एका सुप्रसिद्ध व्यक्तीने आवाज उठवल्यावरच झाला, हे नोंदवायला हवे. त्याआधीच्या जवळपास तीन दशकांत असे किती जण गुपचूप बाजूला पडले असतील, ते कोणी मोजलेले नाही. कोल्हापूरकराला तर हा वादच अंमळ विचित्र वाटावा. आजच्या राजस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मलेले गवई अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी आले, महाराज १९२२ मध्ये निवर्तल्यावर मुंबईस गेले आणि १९४६ मध्ये तेथेच वारले. तरी कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठकीत त्यांचे नाव निघाले की कानाची पाळी धरली जाते, आणि ते कोल्हापूरचे होते की नव्हते, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. त्यांनी एकही तबकडी काढली नाही, हा भाग वेगळा.

नियमांचा दुसरा एक वाद २०१३ चा आहे. वीस-बावीस वर्षांच्या खंडानंतर आलेला आपला अल्बम कोणत्याही कंपनीमार्फत न काढता स्वतःच विकणाऱ्या एका नामांकित वाद्यवृंदाने, वितरणाच्या अटींमुळे आपल्याला दारातच अडवले गेले, अशी तक्रार केली होती. अल्बम विचारार्थ पाठवायचा तर प्रवेशशुल्क भरावे लागते, हाही छोट्या कंपन्यांच्या नाराजीचा विषय राहिला आहे. विजेत्याला २५ हजार पौंड मिळतात. ही रक्कम मोठ्या कलावंताला किरकोळ वाटेल, पण नवख्याचे वर्षभराचे दौरे तीतून निघू शकतात.

अलीकडच्या काळात भर पडली ती लंडनच्या वर्चस्वाच्या चर्चेची. २०२४ मध्ये पुरस्कर्ताच न मिळाल्याने समारंभ आटोपशीर झाला आणि विजेता वाद्यवृंद लीड्सचा निघाला. २०१४ नंतर लंडनबाहेरच्यांना पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, समारंभच प्रथम लंडनबाहेर, ईशान्येकडील न्यूकॅसलला नेण्यात आला, आणि पारितोषिक तेथून काही मैलांवरच्या नॉर्थ शील्ड्स या बंदराच्या गावात वाढलेल्या गायकाला मिळाले. यजमान परिसरातल्या मुलालाच ते मिळाल्यामुळे भुवया उंचावणारे याही वेळी होतेच.