आहारविषयक पुराव्यांचे मूल्यमापन

एखादा पदार्थ वा पोषकद्रव्य हितकर की अपायकर हे ठरवताना प्रयोगशाळेतील प्रयोग, लोकसमूहांचे निरीक्षण, यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेला प्रयोग) व तज्ज्ञमत यांना किती वजन द्यावे, याचा विचार.

या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. पुराव्यांची उतरंड, म्हणजे भरवशानुसार लावलेली त्यांची क्रमवारी, कॅनडातील एका आरोग्य कृतिदलाने १९७९ मध्ये मांडली असे सामान्यतः मानतात. काही लेखक तिचे मूळ चरकसंहितेत शोधतात. तेथे सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश (विश्वसनीय जाणकारांचे वचन), प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे; संहितेचा आजचा पाठ इ. स. च्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा. परंतु हा संबंध ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. चरकाच्या यादीत आप्तोपदेश आरंभी येतो, तर आधुनिक उतरंडीत तज्ज्ञमत तळाशी असते. अनेक कारणांच्या संयोगातून फळ ताडणारी ‘युक्ती’ मात्र आहाराच्या प्रश्नांना जवळची आहे.

पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. आघारकर संशोधन संस्थेचाही त्यात सहभाग होता. मातेने घेतलेल्या एकूण उष्मांकांचा वा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. दूध, पालेभाज्या व फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बाळे मात्र मोठी भरली. अर्थात, ज्या घरात फळे येतात ते घर इतरही बाबतींत वेगळे असते, आणि आकडेमोडीने तो फरक पुरता पुसता येत नाही. म्हणून मुंबईच्या वस्त्यांत चाचणी झाली. गर्भधारणेपूर्वीपासून एका गटाला दूध, पालेभाजी व फळे घातलेला समोशासारखा खाऊ रोज दिला, दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जन्मवजनातील सरासरी वाढ २६ ग्रॅम होती, म्हणजे योगायोगाची शक्यता नाकारण्याइतकी नव्हे. गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी खाऊ सुरू केलेल्यांत ती ४८ ग्रॅम भरली. पण हा आकडा उपगटाचा, त्यामुळे कमी भरवशाचा. यावरून पुण्याचे निरीक्षण खोटे ठरत नाही. खेड्यात घरची रोजची सवय मोजली होती, मुंबईत एक खाऊ.

याउलट बीटा-कॅरोटिन या भाज्या-फळांतील रंगद्रव्याबाबत निरीक्षणे साफ फसली. ते असलेल्या भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे. १९९४ मध्ये फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्यावर तो वाढलेला आढळला.