वाचलं होतं, पण आठवून नाही राहिलं

"मॅडम, काल वाचलं होतं, पण आता आठवून नाही राहिलं." घटक चाचणीच्या दिवशी नागपूरच्या कुठल्याही शाळेत हे वाक्य कानावर पडतं. पोरगं खोटं बोलत नसतं. धडा त्यानं खरंच तीनदा वाचलेला असतो. तिसऱ्या खेपेला ओळी ओळखीच्या वाटतात, डोळे सरसर पुढे सरकतात आणि 'झालं पाठ' म्हणून पुस्तक मिटलं जातं. पण ओळखीचं वाटायला मजकूर समोर लागतो. परीक्षेत तो नसतो.

२००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना दोन उतारे दिले, एक सूर्यावर, दुसरा समुद्री ऑटर या प्राण्यावर. एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा एकदाच वाचायचा आणि मग कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेलं पुढे होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवडाभरानं पारडं फिरलं: वाचलेलं ४२ टक्के उरलं, लिहून पाहिलेलं ५६. परीक्षेच्या सकाळी रिक्षात बसून केलेलं वाचन दुपारच्या पेपरला चालून जातं आणि पुढच्या वर्षी कोरं होतं, ते यामुळेच.

मेंदूत कायमची नोंद व्हायला वेळ लागतो. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीवर दाखवलं, की धडे मध्ये वेळ सोडून दिले तर चेतापेशींमध्ये नवी प्रथिनं बनतात, नव्या जोडण्या फुटतात आणि आठवण टिकते. २००० सालच्या नोबेलमध्ये या कामाचाही वाटा होता. गोगलगाय आणि सातवीतलं पोर यांत अंतर आहेच. पण वेळ सोडून केलेली उजळणी जास्त टिकते, हे माणसांवरच्या प्रयोगांतही पुन्हापुन्हा दिसलं आहे.

वर्गात हे कसं आणायचं? भूगोलाचा तास सुरू होताच, पुस्तकं दप्तरात असतानाच विचारायचं: पेंच कोणत्या नदीला मिळते? अर्धा वर्ग 'वैनगंगा' लिहील. लिहू द्या. मग नकाशावर बोट ठेवून दाखवा: पेंच कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. आधी चुकून मग लगेच कळलेलं उत्तर चांगलं बसतं. तसंच सोडलं तर मात्र चूकच पाठ होते. तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा, मग महिन्यानं.

शिक्षक प्रशिक्षणात अजून मुलांवर 'बघून शिकणारा', 'ऐकून शिकणारा' अशी लेबलं लावली जातात. त्याप्रमाणे शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, हे अशा संशोधनांच्या २००८ च्या आढाव्यात स्पष्ट झालं. तो वेळ वाचवा.

आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मागच्या वर्षाचं विसरायला भरपूर सवड. तेव्हा पहिल्या आठवड्यात नवा धडा काढण्याआधी जुने प्रश्न घ्यावेत. साठ मुलांच्या वह्या तपासायला मॅडमना वेळ कुठला? शेजाऱ्याशी वही बदलायची, उत्तरं फळ्यावरून पडताळायची. गुण द्यायचे नाहीत, म्हणजे कॉपीलाही कारण उरत नाही.