गुडघ्यातलं तेल

सोलापुरात गुडघेदुखीचं निदान डॉक्टरांच्या आधी शेजारीच करतात: "तेल संपलंय बघा गुडघ्यातलं." गाव मागांचं. खडखड वाढली की तेल कमी पडलंय आणि माग बंद ठेवला की झीज थांबते, हा हिशेब इथे लहान पोरालाही कळतो. मग वर्षानुवर्षं मांडी घालून विड्या वळलेल्या आईला घरचे प्रेमाने सांगतात, आता हलू नकोस, बसून राहा.

माग आणि गुडघा यांत फरक पडतो तो इथेच. मागाला तेल बाहेरून घालावं लागतं, सांधा आपलं वंगण स्वतः तयार करतो. निरोगी गुडघ्यातही ते चमचाभर नसतं, आणि सुजलेल्या गुडघ्यात उलट वाढलेलं असतं! त्यामुळे 'तेल संपलं' हे निदान बऱ्याचदा तिथेच बाद होतं. या द्रवाचा एक गुण गमतीचा आहे. स्थिर असताना तो दाट असतो, हालचाल सुरू झाली की पातळ होतो. सॉसची बाटली हलवल्यावर होतं तसं.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्याच नाहीत. मग पोषण कुठून? पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते आणि तिच्यातला द्रव बाहेर येतो. भार उतरला की स्पंजासारखी ती तो परत शोषते आणि त्याबरोबर पोषणही आत जातं. थोडक्यात, गुडघा चालतो तेव्हाच जेवतो. झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही, तसं आश्वासन देणाऱ्यापासून लांबच राहावं. पण दुखणं कमी होतं आणि जिना चढणं सोपं होतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे.

ते घडतं मुख्यतः स्नायूंमुळे. गुडघा दुखला, सुजला की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप आवर घालते. तो स्नायू आळसावतो, बारीक होतो. मग पावलाचा धक्का झेलायला कुणी उरत नाही आणि तो थेट सांध्यावर येतो. दुखतं म्हणून बसायचं, बसलं म्हणून आणखी दुखायचं. हा फेरा मांडीपासूनच तोडावा लागतो. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, 5 आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा. प्रत्येक पायाने दहाएक वेळा. किंवा पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. पैसे लागत नाहीत, बहुधा म्हणूनच कुणी मनावर घेत नाही.

चालणंही हवंच, सपाट रस्त्यावर, सोसेल तेवढं. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी जावं, आणि मे महिन्यात तर ऊन तापायच्या आत घरी परतावं. पारा 42 च्या वर गेल्यावर गुडघ्याआधी डोकं दुखेल. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, 1 किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने हलका झालेला आढळला.

किती दुखलं तर थांबायचं? व्यायाम करताना थोडी कळ चालते. मात्र 2 तासांनंतरही आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी निम्मंच करावं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासाभरानेही जात नसेल, तर ती निव्वळ झीज नसेलही. तो संधिवात किंवा संसर्ग असू शकतो, तेव्हा आधी डॉक्टर.

आणि विड्यांचं काम सोडणं कुणाला परवडत नाही, हे खरं. पण सूप मांडीवरून खाली ठेवून अर्ध्या तासाने एकदा पाय पसरले, दोन-चार वेळा गुडघा वाकवून सरळ केला, तर त्यात फार तर दोन-तीन विड्या कमी होतात.