टाक्या काढल्या म्हणजे जमीन साफ झाली?

पेट्रोल पंप बंद करून जमिनीखालच्या टाक्या काढल्या की उरलंसुरलं पेट्रोल उडून जातं, हा समज जुना आहे. उघड्यावर सांडलेलं उडतं, खरंय. पण गळती बहुधा जमिनीखालच्या टाकीतून किंवा पाइपच्या सांध्यातून होते. तिथलं पेट्रोल मातीत अडकतं, भूजलावर तरंगतं. त्यातलं बेंझिन हे विषारी रसायन पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर सरकतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. इतकं नाकाला कळत नाही, त्यामुळे ‘वास येत नाही’ हा पुरावा नव्हे. म्हणून बोअर घेऊन माती, पाणी आणि मातीतली वाफ तपासतात. पाण्याची पातळी वरखाली होते, म्हणून पुन्हा पुन्हा. सगळी माती खणावीच लागते असंही नाही: पंपाने वाफ ओढून घेतात, किंवा हवा सोडून मातीतल्या जिवाणूंना कामाला लावतात. ते पेट्रोल खातात, पण सावकाश.